यानंतर कोणाचं घर

१२ जानेवारी, रविवार. रत्नागिरी

ऑफिसातले दीपक सर म्हणतात, प्रत्येक निर्णय लिहून ठेव आणि तो का घेतलास तेही लिही, नाहीतर तीन महिन्यांनी तुझं तुलाच कळणार नाही. ऑफिसच्या कामात मी हे कधी केलं नाही आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. हे काम घरचं आहे, म्हणून वही काढली.

आज विनीतचा फोन आला. विनीत म्हणजे माझा चुलतभाऊ, आप्पांचा मुलगा. विरारला राहतो आणि गावाच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी आहे. शिमग्यात देवीची पालखी कोणत्या घरानंतर कोणत्या घरी जाते, तो क्रम मंडळाला या वर्षी फोनवर हवा आहे. फोनवर दिसणारं ॲप विनीत करणार. मी करायचा एपीआय, म्हणजे त्याच्या ॲपने माझ्या सर्व्हरला प्रश्न कसा विचारायचा आणि सर्व्हरने उत्तर कसं द्यायचं, याचा करार. पुण्याच्या कंपनीसाठी मी रत्नागिरीत बसून रोज हेच करते. त्यामुळे काम डाव्या हाताचं आहे. कारण मात्र डाव्या हाताचं नाही.

गेल्या शिमग्याला मथुराकाकीचं घर राहिलं. ती ओटीचं ताट घेऊन अंगणात उभी, आणि पालखी खालच्या वाटेने निघून गेली. पुढे गेलेली पालखी मागे फिरवत नाहीत, ही आमची रीत. आप्पा म्हणाले, पोरांनी घाई केली. पोरं म्हणाली, आप्पांनीच खालची वाट दाखवली. जे काही रामायण झालं ते मुंबईपर्यंत पोचलं. आता मंडळाने ठरवलंय की क्रम लेखी आणि बिनचूक मिळाला तर ठीक, नाहीतर यंदा पालखीपुढे कमिटीची माणसं चालतील आणि आप्पा मागून येतील.

आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गावकर, म्हणजे गावाचे पहिले मानकरी. चाळीस वर्षं पालखीपुढे चालतायत. एकसष्ट घरांचा क्रम त्यांच्या डोक्यात, कागदावर एक अक्षर नाही. त्या माणसाला मागून यायला सांगणार? बाबा गेले त्या वर्षी माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला हाच माणूस, जो देवरूखच्या पलीकडे फारसा कधी गेला नव्हता, पुण्यात दोन दिवस माझ्याबरोबर रांगेत उभा राहिला. जेवला नाही, कारण रांग सोडली तर नंबर जाईल. विनीतला मी सांगितलं, क्रम केसाइतकाही चुकलेला नसेल, तुझ्या मंडळाला दाखवतेच.

१९ जानेवारी, रविवार. गावी

सकाळी स्कूटरने निघाले. हातखंब्याला वडापाव, देवरूखहून अकरा किलोमीटर आत, साडेदहाला घरी. आप्पा पडवीत वाटच बघत होते. मी लॅपटॉप उघडला आणि ते सांगायला लागले. पहिला मान गावकरांचा, मग गुरव, मग वरची वाडी ओळीने. वीस-बावीस घरं अशी झरझर सांगितली की मला टाईप करता येईना.

मधल्या वाडीत आल्यावर थांबले. चहा मागवला. मग तिथल्या विठूच्या आजोबांनी एकदा होळीचा माड कसा आणला होता ती गोष्ट. मग म्हणाले, कुठे होतो आपण? असं चार वेळा झालं. गोष्टी छान सांगतात, पण मला संध्याकाळच्या आत परतायचं होतं! वर गोदूकाकी, आप्पांची बायको, स्वयंपाकघराच्या दारात बसून तांदूळ निवडता निवडता मध्येच बोलायची, "मग बाळाकडे ना हो?" मी शेवटी म्हटलं, काकी, त्यांना सांगू दे की. ती गप्प झाली. मग आप्पाही गप्प झाले.

सत्तावन्न घरं झाली. एकसष्ट हवीत ना, असं विचारलं तर म्हणाले, मोज नि बघ. मी काय मोजणार, कपाळ?

२४ जानेवारी, शुक्रवार. रत्नागिरी

विनीतने मला झापलं. माझ्या एका उत्तरात 'घर' आहे, दुसऱ्यात 'कुटुंब', तिसऱ्यात 'उंबरा'. त्याला वाटलं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बरोबर आहे त्याचं. एका गोष्टीला सगळीकडे एकच नाव, हे मी नव्या मुलांना शिकवते आणि स्वतः शेण खाल्लं.

निर्णय: सगळीकडे 'घर'. पण मधल्या वाडीतल्या बाळाच्या घरात दोघे भाऊ, चुली दोन. पालखी एकदा बसते की दोनदा? गोदूकाकीला फोन केला. "चुलीप्रमाणे. एकाच खळ्यात, पण दोनदा." म्हणजे अंगण एक असलं तरी माझ्या यादीत जिथे चूल तिथे घर. हे कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. काकीला थँक्यू म्हटलं तर हसली.

दुसरा निर्णय: प्रत्येक घराला कायमचा नंबर द्यायचा आणि तो क्रमाशी बांधायचा नाही. उद्या मध्ये नवीन घर झालं तर सगळ्यांचे नंबर सरकायला नकोत.

२ फेब्रुवारी, रविवार. गावी

डोकं फिरलंय, तरी लिहिते.

आज आप्पांना पुन्हा पहिल्यापासून क्रम विचारला, उरलेली चार घरं मिळावीत म्हणून. साठ घरं सांगितली. त्यातली सात गेल्या वेळेपेक्षा वेगळ्या जागी. विठू आधी विहिरीच्या अलीकडे होता, आज पलीकडे. मथुराकाकीचं घर एकदा बाळाच्या आधी, आज बाळाच्या नंतर.

एपीआयची पहिली अट काय? तोच प्रश्न पुन्हा विचारला तर तेच उत्तर. सर्व्हरला मी ही अट घालते आणि इथे आप्पाच बदलतायत! मला सरळ दिसतंय, गावकीचं राजकारण आहे. बाळाशी यंदा बांधावरून वाजलंय, म्हणून त्याला पुढे-मागे सरकवतायत. मी आवाज चढवला. म्हटलं, आप्पा, एकदा नक्की काय ते सांगा, मी तुमच्यासाठीच करतेय, तुमचाच मान जाणार आहे.

त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे बोट केलं. मग म्हणाले, "तू पहिल्यांदा लिहिलंस ना? मग तू लिहिलंस तेच खरं. ते पुसू नको हां."

टोमणा कळला मला. परत येताना पूर्ण रस्ता धुमसत होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार. रत्नागिरी

पहिली यादी धरली, अडलेली घरं ग्रामपंचायतीच्या घर क्रमांकांवरून मध्ये बसवली, एकसष्ट पूर्ण केली आणि सर्व्हरवर चढवली. सर्व्हर म्हणाला, ठीक, यादी जमा झाली. विनीतने लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकली. अंगठ्यांचा पाऊस. कुणीतरी लिहिलं, आप्पांची पुतणी शोभतेस. दिवसभर हवेत होते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हवा निघाली.

ग्रुपवर बाळाने विचारलं, मथुराकाकी यंदाही नाय काय?

यादीत अठ्ठावन्न घरं. तीन गायब. कारण मी फोन नंबर सक्तीचा ठेवला होता. ज्या घराला नंबर नाही ते घर सर्व्हरने टाकून दिलं, आणि वर मला सांगितलं, ठीक. मीच लिहिलंय ते 'ठीक'. चुकलं तर चुकलं म्हण, काय चुकलं ते म्हण आणि कुठे चुकलं ते म्हण, एवढी साधी गोष्ट मी लोकांच्या कोडमध्ये लाल रंगाने लिहिते. मथुराकाकीकडे मोबाईल नाही. लेक खेडला दिलेली, तिचा फोन बाळाकडे येतो. एकटी बाई, मुंबईत कुणी नाही, म्हणून माझ्या यादीतून गेली.

गेल्या वर्षी आप्पांकडून राहिली असेल नसेल, या वर्षी नक्की माझ्याकडून राहिली आणि तीसुद्धा लेखी. विनीत म्हणतो मंडळात परत कुजबुज सुरू झाली आहे, आप्पांनीच पोरीला सांगितलं नसेल म्हणतात. मी ग्रुपवर लिहिलं की चूक माझी आहे. दोनच अंगठे आले.

९ फेब्रुवारी, रविवार. गावी

मथुराकाकीची माफी मागायला गेले. आज जे कळलं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते.

काकी परसात सुपाऱ्या वाळत घालत होती. मी यादीचं सांगितलं तर म्हणाली, यादीत काय ठेवलंय, ये, घावणे खा. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच गेल्या वर्षीचं विचारलं. म्हटलं, काकी, पोरांनी खरंच घाई केली होती का?

तिने माझ्या ताटलीत घावणा वाढला. मग म्हणाली, पोरांनी काय नाय केलं. आप्पा त्या दोन वाटांच्या तिठ्यावर आला नि थांबला. वर बघितलंन, खाली बघितलंन. मी इथून अंगणातून बघत व्हते. त्याला कळत नव्हतं गो कुठं जायचं ते. पोरांनी विचारलं तसा त्याने खाली हात केला.

मी विचारलं, मग तू हाक का नाही मारलीस? पन्नास पावलांवर तर होते.

"हाक मारली असती तर पालखी आली असती," काकी म्हणाली. "पण सगळ्या गावासमोर आप्पाचं काय राह्यलं असतं?"

ओटीचं ताट घेऊन ती आत गेली होती आणि दार लोटून घेतलं होतं. गाव म्हणालं, मथुरा रागावली. तिने तेही म्हणू दिलं.

ताटलीतला घावणा तसाच राहिला. सत्तावन्न घरं, साठ घरं, मध्येच चहा, मध्येच विठूचे आजोबा, दारात बसलेली गोदूकाकी. आणि मी राजकारण म्हणाले. आवाज चढवला. ते 'पुसू नको हां' टोमणा नव्हता.

मग मी डोळे पुसून काकीला विचारलं, तुला येतो का सगळा क्रम? ती हसली. सगळं गाव तिला कुठून येणार. तिला एवढंच माहीत, की तिच्या आधी विठू आणि तिच्यानंतर बाळा. आमच्याकडे पालखी उठली की त्या घरातल्या माणसाने पुढच्या घराच्या खळ्यापर्यंत खांदा द्यायचा असतो. त्यामुळे पुढचं घर कोणाचं, हे घराघराला ठाऊक असतं. त्याच्या पुढचं त्याने बघावं. गेल्या साली विठूलाही ठाऊक होतं, पण गावकराने हात दाखवला की त्यावर कुणी बोलत नाही.

मी स्कूटरपाशी येऊन नुसती उभी राहिले. मोठी यादी एका झटक्यात न देता प्रत्येक उत्तरात पुढच्या उत्तराचा पत्ता द्यायचा, ही आमच्या धंद्यातली चांगली रीत समजली जाते. मी ती बाहेरच्या लेखांतून शिकले. इथे देवी कित्येक पिढ्या तशीच फिरतेय.

१६ फेब्रुवारी, रविवार. गावी

दोन दिवसांची रजा टाकून घरोघर फिरतेय. प्रश्न एकच: तुमच्यानंतर पालखी कोणाकडे? आप्पांना विचारायची गरजच नाही, आणि क्रम त्यांच्याकडून घेतला नाही हे कुणाला कळायचीही गरज नाही. कुलूप असलेल्या घरांचं शेजारी सांगतात, ज्याच्याकडे किल्ली तोच त्या घरची ओटीही भरतो. फोन नंबर आता ऐच्छिक. नंबर नसेल तर 'नाही', आणि मी विचारलाच नसेल तर 'माहीत नाही'. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. मथुराकाकीपुढे 'नाही' लिहिलं आणि घर जागेवर राहिलं.

माणसं किती चांगली आहेत आमची. प्रत्येक घरी चहा, आणि प्रत्येक घरी विचारणा, आप्पांची तब्येत बरी हाय ना? विठू म्हणाला, तू काळजी करू नको पूर्वे, आम्ही हाव. यादीला मदत करतोय म्हणून म्हणाला असेल. बिचारा सज्जन.

संध्याकाळी साखळी जुळवली. पहिल्या घरापासून निघाले, पुढच्या पुढच्या घराचा हात धरत शेवटाला पोचले. एकसष्ट. एकही सुटलं नाही, एकही दोनदा आलं नाही. पडवीत बसून आप्पांना वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते, प्रत्येक नावाला मान हलवत होते. शेवटचं नाव झालं तसं म्हणाले, "हां. असंच हाय." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली. ते म्हणाले, कुठलं बोलणं?

गोदूकाकीने परसात गाठून सांगितलं, आप्पांचं विसरणं सुरू होऊन दीड वर्ष झालं. देवरूखच्या डॉक्टरने गोळ्या दिल्यात. विनीतला सांगू नको, तिकडे जीव टांगणीला लावून बसेल.

३ मार्च, सोमवार. रत्नागिरी

दीपक सरांनी माझा करार वाचला. घरचं काम आहे तरी तासभर दिला, देव त्यांचं भलं करो. त्यांनी विचारलं, मध्येच एक घर आजारपणाने किंवा सुतकाने बंद असेल तर साखळी तुटणार का? मी सुतकाचा विचारच केला नव्हता. आता घर साखळीतून काढायचं नाही, फक्त 'यंदा नाही' अशी खूण, पुढचा पत्ता कायम. सर म्हणाले, हे कंपनीच्या नियमांत घालूया, कुठून सुचलं? मी म्हटलं, मथुराकाकीकडून. त्यांनी नाव लिहून घेतलं, बहुतेक त्यांना कुणी मोठी तज्ज्ञ वाटली. वाटू दे.

मंडळाने यादी मान्य केली. आप्पाच पुढे चालणार! विनीत फोनवर खूश होता, मग एकदम म्हणाला, बाबा हल्ली मला दर वेळी विचारतात, जेवलास काय. दोन मिनिटांत तीन वेळा. मी म्हटलं, शिमग्याला चार दिवस आधी ये. का ते न विचारता त्याने तारखा मोजल्या. मग येतो म्हणाला. मी गोदूकाकीला दिलेला शब्द मोडला नाही, पण पाळलाही नाही.

१३ मार्च, गुरुवार. गावी

होळी लागली. ऑफिसात आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास, त्यामुळे रजा मिळाली. विनीत रविवारीच आलाय. काल दुपारी त्याने आप्पांची दाढी करून दिली. दोघे काय बोलत होते ते ऐकू आलं नाही.

माझा बेत पक्का आहे. ॲप उघडून आप्पांच्या मागे एक पाऊल ठेवून चालायचं आणि हळूच पुढचं नाव सांगायचं.

१६ मार्च, रविवार. गावी

मधली वाडी आज झाली. संध्याकाळ आहे, सगळे पालखीबरोबर खालच्या वाडीत आहेत, मी मुद्दाम घरी येऊन लिहितेय.

माझा बेत पहिल्याच उतरणीला बारगळला. तिथे रेंज नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे आणि तरी मी फोन हातात धरून निघाले होते. ढोल वाजतोय, पालखी नाचतेय, आणि मी फोन वर धरून माकडासारखी.

आप्पा वळणावर आले आणि थांबले. मी त्यांच्याजवळ सरकले. तेवढ्यात वळणाच्या पलीकडून विठू पाण्याचा तांब्या घेऊन आला, आप्पांच्या पायांवर पाणी घातलंन आणि म्हणाला, चला आप्पा. आप्पा चालायला लागले. तेव्हा ध्यानात आलं, सकाळपासून असंच चाललं होतं, वळणावळणाला पुढच्या घरचं कुणीतरी उभं. दर वर्षी लोक आपापल्या अंगणात थांबतात. यंदा एकसुद्धा अंगणात थांबलेला नव्हता. मी गोदूकाकीला विचारलं, ही नवीन रीत कधी निघाली? ती म्हणाली, ऊन हाय ना, म्हणून येतात पुढे. ऊन तर दर वर्षी असतं. मग मला 'आम्ही हाव' समजलं. गावाला सगळं ठाऊक होतं, माझ्या आधीपासून. मी चालता चालता हात जोडले, कोणाला जोडले ते मला सांगता येणार नाही.

तिठ्यावर मथुराकाकी स्वतः उभी होती. पालखी तिच्या खळ्यात बसली, ओटी भरली, आणि आप्पा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाण्याची रीत अशी की गावकराने देवीला एकेक गोष्ट सांगायची आणि प्रत्येक गोष्टीला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लोकांचा होकार आल्याशिवाय पुढचं बोलत नाहीत. आप्पांना गाऱ्हाणं अजून तोंडपाठ आहे. घराला सुखी ठेव, व्हय म्हाराजा. लेकीच्या संसाराला बरकत दे, व्हय म्हाराजा. चुकलंमाकलं पोटात घाल म्हणायची वेळ आली आणि आप्पा थांबले. मला वाटलं विसरले. विनीत एक पाऊल पुढे झाला.

आप्पा विसरले नव्हते. खणखणीत आवाजात म्हणाले, "गेल्या साली हे घर माझ्याकडून राह्यलं. पोरांची चूक नाय, माझी चूक. मला वाट आठवली नाय. ती चूक पोटात घाल नि मला मोकळा कर."

कुणी 'व्हय म्हाराजा' म्हणेना. म्हणायचं म्हणजे सगळ्या गावाने त्यांच्या तोंडावर, तुझीच चूक, असं म्हणायचं. ढोलवाला खाली बघत होता. विनीत रडत होता. यादी बरोबर होती, मान वाचला होता, त्यांना हे कुणीच विचारलं नव्हतं. आणि आप्पा देवीपुढे हात जोडून होकाराची वाट बघत उभे. त्याशिवाय त्यांना पुढे बोलता येत नव्हतं.

मग मागून, बायकांच्यातून, मथुराकाकीचा आवाज आला. आमच्यात बायका गाऱ्हाण्याला बोलत नाहीत. ती पदर सावरून पुढे आली, आप्पांच्या बाजूला उभी राहिली आणि स्वच्छ म्हणाली,

"व्हय म्हाराजा."

आप्पांचे खांदे खाली आले. मग विठू म्हणाला, बाळा म्हणाला, विनीत म्हणाला, सगळं गाव म्हणालं. मी पण म्हणाले.